मोबाइलमधील ॲप आणि व्यापाऱ्याचा हिशेब

मीरा रोड स्टेशनवरून नयानगरकडे चालत या किंवा भाईंदरच्या बाजारातून एक फेरी मारा. भाजीच्या हातगाडीपासून साड्यांच्या मोठ्या दुकानापर्यंत बहुतेक ठिकाणी क्यूआर कोडची पाटी लावलेली दिसते. मालक असो की कारागीर, खिशात अँड्रॉइड फोन असतोच. फोनचा पडदा उघडला की साठ-सत्तर लहान लहान चित्रे समोर येतात. ही सर्व ॲप्स. त्यातील काही फोनबरोबरच आलेली असतात, काही मुलांनी टाकलेली असतात आणि काही कोणा मित्राने 'फार चांगले आहे, घेऊन टाका' म्हणून सुचवलेली असतात. यातली रोज किती वापरता असे विचारले, तर बहुतेक दुकानदार चार-पाचांच्या पुढे जात नाहीत.

प्रश्न केवळ फोनमधील गर्दीचा असता तर त्यावर लेख लिहिण्याची गरज नव्हती. पूर्वी गल्ल्याची किल्ली, उधारीची वही आणि गिऱ्हाइकांचे पत्ते या तीन वस्तू तीन जागी असत. आज त्या तिन्ही एकाच फोनमध्ये आहेत. म्हणून ॲप घेणे हे दुकानात नवीन माणूस कामावर ठेवण्याइतकेच जबाबदारीचे काम झाले आहे. माणूस ठेवताना आपण विचारतो की तो कोणाच्या ओळखीने आला, कोणते काम करणार, कोणत्या किल्ल्या त्याच्या हाती द्यायच्या, आणि उद्या तो सोडून गेला तर हिशेब कोणाकडे राहील. हेच प्रश्न ॲपला विचारले तर कामाचे कोणते आणि बिनकामाचे कोणते हे आपोआप कळते.

आधी काम ठरवावे, मग ॲप शोधावे

ॲप चांगले दिसले म्हणून घेणे आणि मग त्याला काम शोधणे ही उलटी रीत आहे. एका कागदावर आपल्या आठवड्याची कामे लिहून काढावीत. कापडाच्या व्यापाऱ्याची यादी साधारण अशी होईल: पैसे घेणे व देणे, उधारी लिहिणे, वसुलीची आठवण देणे, सुरत किंवा भिवंडीच्या माणसाचे बिल तपासणे, मालाचे नमुने पाठवणे, कागदपत्रे सांभाळणे, मंगलदास मार्केटला किंवा भिवंडीला जाणे-येणे. या यादीत नसलेल्या कामासाठी ॲप घेऊ नये.

त्यानंतर प्रत्येक ॲपला तीन मापे लावावीत. वेळ वाचतो का? पैसा वाचतो का? गिऱ्हाइकाशी किंवा माल देणाऱ्याशी होणारा वाद कमी होतो का? तिन्हींचे उत्तर 'नाही' असेल तर ते ॲप काढून टाकावे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बॅटरी, घड्याळ, गजर, गणकयंत्र, आवाज नोंदवणे अशी कामे फोन स्वतःच करतो. त्यासाठी वेगळे ॲप घेण्याची गरज नाही. तसेच महिन्यातून एकदा लागणाऱ्या सरकारी कामासाठीही ॲप लागत नाही. क्रोममध्ये ती वेबसाइट उघडून, तीन ठिपक्यांवर बोट ठेवून 'होम स्क्रीनवर जोडा' असे निवडले की तिचे चित्र पडद्यावर येते. काम होते आणि फोनमध्ये आणखी एक पाहुणा येत नाही.

ॲप कोणाच्या ओळखीने आले?

अँड्रॉइड फोनमध्ये ॲप दोन मार्गांनी येते. पहिला मार्ग गूगलच्या प्ले स्टोअरचा. दुसरा मार्ग म्हणजे कोणी पाठवलेली फाइल, जिच्या नावाच्या शेवटी एपीके ही तीन अक्षरे असतात. व्यापाऱ्याने दुसरा मार्ग पूर्णपणे बंद ठेवावा.

गेल्या काही वर्षांत व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका, वाहतूक पोलिसांचे चलन, वीजबिलाची थकबाकी किंवा बँकेचे केवायसी या नावाने अशा फाइली पाठवून लोकांची खाती रिकामी करण्याचे प्रकार देशभर झाले आहेत. फाइल उघडली की ॲप फोनमध्ये बसते, एसएमएस वाचण्याची परवानगी घेते आणि बँकेचा ओटीपी परस्पर चोराकडे जातो. लग्नाची पत्रिका चित्र असते किंवा पीडीएफ असते. ती कधीही एपीके नसते. सरकारी चलनही एपीके नसते. घरातील मुलांना आणि दुकानातील माणसांना एवढे एक वाक्य पाठ करून घ्यावे.

प्ले स्टोअरवर गेल्यावरही डोळे उघडे ठेवावेत. शोधल्यावर सर्वात वर जे येते ते पुष्कळदा जाहिरातीचे असते आणि त्यावर तसे लिहिलेलेही असते. ॲपच्या नावाखाली ते बनवणाऱ्याचे नाव असते, ते वाचावे. मे २०२४ पासून गूगलने खऱ्या सरकारी ॲपवर 'सरकारी' असल्याचे चिन्ह दाखवण्यास सुरुवात केली, त्यात भारतही आहे. बँकेचे ॲप घ्यायचे असेल तर बँकेच्या वेबसाइटवरून जावे. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ऑक्टोबर २०२५ अखेरपर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर येण्यास सांगितले होते. पत्त्याचा शेवट पाहिला की खरी-खोटी बँक ओळखणे सोपे जाते.

मात्र प्ले स्टोअरवर आहे म्हणजे शंभर टक्के निर्धोक, असेही समजू नये. कागदांचे स्कॅन काढणारे 'कॅमस्कॅनर' दहा कोटींहून अधिक वेळा उतरवले गेले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीला त्यात घातक भाग सापडला आणि गूगलने ते काही काळ काढून टाकले. जास्त लोक वापरतात हे मालाच्या चांगलेपणाचे एक लक्षण आहे, पण पुरावा नव्हे. हे कापडालाही लागू आहे आणि ॲपलाही.

कोणत्या किल्ल्या मागते?

ॲप बसवताना ते परवानग्या मागते: फोनमधील नंबर, एसएमएस, फोटो, कॅमेरा, माइक, आपले ठिकाण. घाईत आपण सगळ्यांना 'अलाउ' करतो. येथेच थांबून विचार करावा की या कामाला ही किल्ली लागते का. क्यूआर कोड वाचायला कॅमेरा लागतो, हे रास्त आहे. नफा-तोट्याचा हिशेब करणाऱ्या ॲपला आपले फोटो कशाला हवेत?

फोनमधील नंबरांच्या बाबतीत तर अधिकच जपावे. ते नंबर आपल्या मालकीचे नाहीत. गिऱ्हाईक, दलाल, रंगारी, शिलाई करणाऱ्या बायका यांनी विश्वासाने दिलेले ते नंबर म्हणजे आपल्याकडील अमानत आहे. 'अलाउ' म्हटले की ती अमानत आपण परक्याच्या हवाली करतो.

याचा सर्वात वाईट वापर झटपट कर्ज देणाऱ्या ॲपवाल्यांनी केला. कर्ज घेताना नंबरांची यादी घ्यायची आणि हप्ता चुकला की कर्जदाराच्या नातेवाइकांना, गिऱ्हाइकांना फोन करून त्याची अब्रू काढायची. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने २०२१ च्या सुरुवातीला पाहणी केली तेव्हा अँड्रॉइडसाठी कर्ज देणारी सुमारे १,१०० ॲप्स आढळली आणि त्यांतील सुमारे ६०० बेकायदा होती. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केले. कर्जाची रक्कम बँकेकडून किंवा नोंदणीकृत वित्त कंपनीकडून थेट कर्जदाराच्या खात्यात आली पाहिजे, आणि कर्जाच्या ॲपने नंबरांची यादी, कॉलची नोंद व फोटो यांना हात लावता कामा नये. गूगलनेही ३१ मे २०२३ पासून कर्जाच्या ॲपला नंबर व फोटो पाहण्यास मनाई केली. कोणती ॲप्स कोणत्या बँकेची वा वित्त कंपनीची आहेत याची यादी जुलै २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर आहे. व्याजाचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तरी ज्या ॲपमागे कोणती बँक आहे हे कळत नाही, त्याच्या दारात उभे राहू नये.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. नमाजच्या वेळा आणि किब्ल्याची दिशा दाखवणारे 'मुस्लिम प्रो' हे ॲप जगभर कोट्यवधी लोकांनी घेतले. नोव्हेंबर २०२० मध्ये 'मदरबोर्ड' या अमेरिकन प्रकाशनाने बातमी दिली की या ॲपमधून लोकांच्या ठिकाणांची माहिती 'एक्स-मोड' नावाच्या कंपनीकडे जात होती आणि त्या कंपनीच्या ग्राहकांत अमेरिकन लष्कराचे कंत्राटदार होते. बातमी आल्यावर ॲपवाल्यांनी त्या कंपनीशी संबंध तोडल्याचे जाहीर केले. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एक्स-मोड आणि तिच्या पुढच्या कंपनीला संवेदनशील ठिकाणांची माहिती विकण्यास मनाई केली. म्हणजे ॲपचे नाव आणि काम पवित्र असले तरी त्याच्या परवानग्या तपासाव्याच लागतात.

उपाय सोपा आहे. ठिकाण द्यावेच लागले तर 'ॲप वापरत असतानाच' हा पर्याय निवडावा आणि 'अंदाजे ठिकाण' एवढेच द्यावे. अँड्रॉइड १२ पासून ही सोय आहे. नमाजच्या वेळेसाठी मीरा रोड एवढे कळले तरी पुरे, इमारतीचा मजला कळण्याची गरज नाही. पूर्वी दिलेल्या परवानग्या पाहण्यासाठी फोनच्या सेटिंग्जमध्ये 'परमिशन मॅनेजर' असा विभाग असतो. तो उघडून एसएमएस, नंबर आणि ठिकाण या तीन किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत हे आजच पाहावे.

पैशांचे ॲप

यूपीआय ही व्यवस्था नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने एप्रिल २०१६ मध्ये सुरू केली. डिसेंबर २०१६ मध्ये 'भीम' आले. गूगल पे, फोन पे, पेटीएम ही नावे वेगळी असली तरी पैसा एकाच यूपीआयच्या रस्त्याने, आपल्या बँक खात्यातून समोरच्याच्या बँक खात्यात जातो. म्हणून चार ॲप्स ठेवून चौपट फायदा होत नाही. एक नेहमीसाठी आणि एक ते बंद पडले तर, अशी दोन पुरेत. दुकानाचे खाते आणि घरखर्चाचे खाते वेगळे ठेवावे. वर्षअखेरीस हिशेबनीसाचे अर्धे काम त्यानेच कमी होते.

ॲप आणि बँक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे २०२४ साली पुष्कळांच्या लक्षात आले. रिझर्व्ह बँकेने ३१ जानेवारी २०२४ रोजी पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध आणले आणि १५ मार्चनंतर तेथे नवीन पैसे जमा होणे बंद झाले. पेटीएमचे ॲप मात्र दुसऱ्या बँकांच्या साहाय्याने चालू राहिले. ज्या दुकानदारांच्या क्यूआर कोडमागे त्या बँकेचे खाते होते त्यांना खाते बदलावे लागले, ज्यांच्यामागे दुसरी बँक होती त्यांना काहीच करावे लागले नाही. तुमच्या पाटीमागे कोणत्या बँकेचे खाते आहे, हे तुम्हाला माहीत असले पाहिजे.

पैसे घेण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले. 'पैसे मागण्याची' सोय वापरून होणारी फसवणूक वाढल्यामुळे व्यक्ती-व्यक्तींमधील अशा मागण्या १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आल्या. गर्दीच्या वेळी गिऱ्हाइकाने दाखवलेल्या हिरव्या पडद्यावर विसंबू नये, कारण तसाच खोटा पडदा दाखवणारी ॲप्सही निघाली आहेत. आपल्या खात्यात नोंद आली किंवा आपल्या पेटीने आवाज दिला, तरच माल हातात द्यावा. पेटीचे मासिक भाडे किती, हे घेतानाच विचारून घ्यावे.

उधारीची वही

खाताबुक, ओके क्रेडिट, व्यापार ही ॲप्स लहान दुकानदारांत प्रसिद्ध आहेत. गिऱ्हाइकाचे नाव, दिले, घेतले, बाकी एवढी नोंद झाली की बेरीज आपोआप होते. संध्याकाळी एकूण बाकी किती हे एका नजरेत दिसते. वहीत चुकणारी बेरीज आणि 'मी तर दिले होते' हा वाद, दोन्ही कमी होतात. ही खरी सोय आहे.

पण दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. पहिली, तकाद्याची रीत. अशा ॲपमधून गिऱ्हाइकाला नोंदीचा किंवा बाकीचा एसएमएस आपोआप जाण्याची सोय असते. वीस वर्षांच्या गिऱ्हाइकाला, त्याच्या घरी लग्न असताना किंवा ईदच्या आदल्या दिवशी यंत्राचा तकादा गेला तर रक्कम येईलही, पण गिऱ्हाईक जाईल. आपोआप जाणारे संदेश बंद करावेत आणि आठवण कोणाला, केव्हा द्यायची हे स्वतः ठरवावे.

दुसरी गोष्ट कायद्याची. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षे, जपून ठेवावी लागतात. आजचे ॲप सहा वर्षांनी असेल याची हमी कोणी देत नाही. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने एका आदेशाने ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली. त्यात टिकटॉक होते, तसेच ज्यात व्यापारी बिले साठवत ते कॅमस्कॅनर आणि ज्याने फाइली पाठवत ते शेअरइटही होते. म्हणून ज्या ॲपमधून आपला हिशेब पीडीएफ किंवा एक्सेलच्या रूपात बाहेर काढता येत नाही ते कितीही सुंदर असले तरी घेऊ नये. दर महिन्याच्या शेवटी तो हिशेब काढून एक प्रत ईमेलवर आणि एक प्रत दुकानाच्या संगणकात किंवा छापून फाइलला ठेवावी. वही आपल्या कपाटात असते तशी ॲपमधील नोंदही आपल्या ताब्यात असली पाहिजे.

बिल खरे आहे का?

कापडाच्या व्यापाऱ्याला फोनचा सर्वात मोठा उपयोग येथे आहे, आणि गंमत म्हणजे यासाठी कोणतेही ॲप लागत नाही. जीएसटीच्या सरकारी वेबसाइटवर, लॉगिन न करता, कोणाचाही जीएसटी क्रमांक टाकून तपासता येतो. क्रमांक १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्र २७, गुजरात २४. पुढची दहा अक्षरे त्या व्यापाऱ्याचा पॅन. क्रमांक टाकला की पेढीचे नाव, नोंदणी चालू आहे की रद्द झाली, आणि त्याने विवरणपत्रे भरली आहेत का, हे दिसते.

याने काय फरक पडतो ते पाहा. दोन लाखांचे कापड घेतले तर ५ टक्क्यांनी दहा हजार रुपये कर आपण माल देणाऱ्याला देतो. ही रक्कम पुढे आपल्या करातून वजा मिळायची असते. पण १ जानेवारी २०२२ पासून नियम असा आहे की माल देणाऱ्याने ते बिल आपल्या विवरणपत्रात दाखवले आणि ते आपल्या 'टू-बी' या पत्रकात आले, तरच वजावट मिळते. त्याची नोंदणी रद्द झालेली असेल किंवा तो विवरणपत्र भरत नसेल, तर ते दहा हजार अडकले. नव्या पार्टीशी पहिला व्यवहार करण्यापूर्वी एक मिनिट देऊन क्रमांक तपासावा, आणि दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होणारे 'टू-बी' पत्रक बिलांशी ताडून पाहावे. ज्यांची उलाढाल पाच कोटींहून अधिक आहे त्यांना ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस बंधनकारक आहे. त्या बिलावरील क्यूआर कोड खरा आहे का हे तपासण्यासाठी जीएसटी खात्याने स्वतःचे ॲप दिले आहे. मोठ्या पेढ्यांकडून माल घेणाऱ्यांनी ते ठेवावे.

कागदपत्रे, नमुने आणि भाषा

'डिजिलॉकर' हे केंद्र सरकारचे कपाट २०१५ पासून आहे. वाहन परवाना, गाडीचे नोंदणीपत्र, पॅन, मुलांच्या गुणपत्रिका त्यात सरकारी खात्याकडूनच येतात आणि २०१७ च्या नियमाप्रमाणे त्या मूळ कागदाइतक्याच ग्राह्य असतात. आपण स्वतः फोटो काढून त्यात ठेवलेल्या कागदाला मात्र हा दर्जा नाही. टेम्पो चालवणाऱ्या माणसाच्या फोनमध्ये डिजिलॉकर किंवा 'एम-परिवहन' असले तर रस्त्यात कागद शोधण्याची वेळ येत नाही. बिलांचे स्कॅन काढण्यासाठी वेगळ्या ॲपची गरज नाही. अँड्रॉइड फोनमधील गूगल ड्राइव्हमध्येच स्कॅनची सोय आहे आणि पीडीएफ तेथेच साठते.

नमुने पाठवण्यासाठी 'व्हॉट्सॲप बिझनेस' घ्यावे. ते २०१८ पासून आहे आणि मोफत आहे. दुकानाचा नंबर वेगळा राहतो, मालाची यादी फोटोसह लावता येते, नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे तयार ठेवता येतात आणि 'नवे गिऱ्हाईक', 'पैसे बाकी' अशा चिठ्ठ्या लावता येतात. फोटो दिवसाच्या उजेडात काढावा, शेजारी पट्टी ठेवावी, आणि खाली पन्हा, ताक्यातील मीटर व भाव लिहावा. रंग फोनच्या पडद्यावर बदलतो, म्हणून मोठ्या ऑर्डरीपूर्वी कापडाचा तुकडा पाठवण्याची जुनी रीत सोडू नये.

आपल्यापैकी पुष्कळांचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. मराठी बोलतो, पण टाइप करताना बोट अडखळते. गूगलच्या 'जीबोर्ड' कीबोर्डमध्ये मराठी आणि उर्दू दोन्ही आहेत. माइकच्या चित्रावर बोट ठेवून बोलले की अक्षरे उमटतात. 'गूगल ट्रान्सलेट'चा कॅमेरा छापील गुजराती पत्रकावर धरला की मजकूर मराठीत वाचता येतो. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर मात्र त्याचा भरवसा धरू नये. आणि छापील असले तरी आकडे व तारखा मूळ कागदावरच वाचाव्यात.

जाण्या-येण्यासाठी लोकलचे वेळापत्रक पाहायला मुंबईच्या सचिन टेके यांचे 'एम-इंडिकेटर' उत्तम आहे. इंटरनेट नसतानाही त्यात वेळापत्रक दिसते. तिकिटासाठी रेल्वेने १ जुलै २०२५ रोजी 'रेलवन' सुरू केले. लोकलचे तिकीट आणि लांबच्या गाडीचे आरक्षण त्यात एकाच ठिकाणी होते. तिकीट ज्या फोनवर काढले त्याच फोनवर ॲपमध्ये दाखवावे लागते, त्याचा फोटो चालत नाही. भिवंडीला जाताना घोडबंदर रस्त्याची अवस्था पाहण्यासाठी गूगल मॅप्स आहेच. निघण्यापूर्वी पाहिले तर त्याचा उपयोग, अडकल्यावर पाहून काही होत नाही.

फोन हरवला किंवा फसवणूक झाली तर

'संचार साथी' ही दूरसंचार खात्याची सेवा मे २०२३ मध्ये वेबसाइटवर आणि जानेवारी २०२५ मध्ये ॲपच्या रूपात आली. आपल्या नावावर किती सिमकार्डे चालू आहेत हे त्यात दिसते. आपले नसलेले कार्ड दिसले तर तेथेच कळवता येते. फोन हरवल्यास पोलिसांत तक्रार देऊन त्याचा आयएमईआय क्रमांक येथे बंद करवता येतो. *#०६# दाबल्यावर हा १५ आकड्यांचा क्रमांक दिसतो. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. आज ते कागदावर लिहून तिजोरीत ठेवावेत, कारण फोन गेल्यावर ते शोधणे कठीण जाते. जुना फोन विकत घेतानाही त्याचा क्रमांक याच सेवेत तपासावा.

पैशांची फसवणूक झाली तर लाजेने गप्प बसू नये आणि शेजारपाजारी सल्ला घेत वेळ घालवू नये. लगेच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा आणि आपल्या बँकेलाही कळवावे. पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळण्यापूर्वी तो रोखला जाऊ शकतो, म्हणून पहिले काही तास मोलाचे असतात. त्यानंतर सायबर पोलिसांकडे लेखी तक्रार द्यावी. आपला भाग ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलिस आयुक्तालयात येतो.

'बँकेतून बोलतो आहे, हे ॲप घ्या म्हणजे तुमचे काम मी येथून करून देतो' असा फोन आला तर तो ठेवून द्यावा. दुसऱ्याचा पडदा दुरून चालवणाऱ्या 'एनीडेस्क'सारख्या ॲपच्या गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच इशारा दिला होता. हे ॲप संगणक दुरुस्तीसाठी चांगले आहे, पण अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून ते घेणे म्हणजे गल्ला उघडून बाहेर जाण्यासारखे आहे.

महिन्यातून एक दिवस

दुकानात आपण महिन्यातून एकदा माल मोजतो. त्याच दिवशी अर्धा तास फोनलाही द्यावा. तीन महिन्यांत न उघडलेली ॲप्स काढावीत. काढण्यापूर्वी ॲपमधील आपले खातेही बंद करावे, कारण चित्र पुसले तरी माहिती कंपनीकडे राहू शकते. परवानग्या पुन्हा पाहाव्यात. हिशेबाची प्रत बाहेर काढावी. शिल्लक राहिलेल्या ॲप्सचे अपडेट करावेत, कारण अपडेटमधून पुष्कळदा चोरवाटा बुजवल्या जातात.

असे दोन-तीन महिने केले की फोनमध्ये कामाची दहा-बारा ॲप्सच उरतील: दोन पैशांची, एक उधारीचे, एक गिऱ्हाइकांचे, एक कागदपत्रांचे, दोन प्रवासाची, एक संचार साथी, आणि ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे आणखी दोन-चार. एवढ्याने कापडाच्या दुकानाचे काम चालते. नवीन कोणी सुचवले तर नकार देण्याची गरज नाही. ते कोणी बनवले, काय काम करते, कोणत्या किल्ल्या मागते आणि हिशेब परत देते का, एवढे चार प्रश्न विचारावेत. चौथ्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय त्यात पहिली उधारी लिहू नये.